पाच श्रावणांचं एक कॅलेंडर

घरात माणसं चार आणि यंत्रं पाच झाली की कधी ना कधी कुणीतरी ‘आपण सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर करू या’ असं म्हणतंच. आमच्याकडे ते नवऱ्यानं म्हटलं. तो सायबर सिटीतल्या ज्या कंपनीत काम करतो तिथं चहा प्यायलासुद्धा निमंत्रण पाठवतात, आणि समोरच्यानं ‘स्वीकारलं’चं बटण दाबल्याशिवाय कुणाला तल्लफ येत नाही. अशा माणसाला घरात ‘अरे, शनिवारी आरओवाला येणार आहे’ हे वाक्य नुसतं हवेत सोडून दिलेलं बघवत नाही. ते कुठं नोंदलंय, कुणाकुणाला पाठवलंय आणि त्याची आठवण किती मिनिटं आधी वाजणार आहे, असे प्रश्न त्याला पडतात.

त्याचा लॅपटॉप कंपनीचा आणि विंडोजचा. त्यात खासगी खातं जोडायला त्यांच्या आयटी विभागाची सक्त मनाई. माझा मॅक. नववीतल्या मुलीनं माळ्यावरचा जुना संगणक खाली काढून त्यात लिनक्स घातलेलं, शिवाय तिच्याकडे अभ्यासाचा टॅबलेट. सासूबाई अर्धं वर्ष साताऱ्याला आणि अर्धं आमच्याकडे गुरुग्रामला असतात. त्यांचा अँड्रॉइड फोन हाच त्यांचा संगणक, आणि आमच्या सगळ्यांच्या संगणकांपेक्षा तोच जास्त चालू असतो. या पाचही ठिकाणी कॅलेंडर होतंच. फक्त एकाला दुसऱ्याचा पत्ता नव्हता.

तसं पाहिलं तर गुरुग्रामात आगाऊ ठरवून काही करणं ही या गावाबद्दलची अश्रद्धाच समजली जाते. दहा मिनिटांत घरी कोथिंबीर पोचवणाऱ्या ब्लिंकिटचं मुख्यालय इथलंच. पण कोथिंबीर दहा मिनिटांत येते म्हणून माणूस दहा मिनिटांत पोचतो असं नाही. २०१६ साली गुडगावचं गुरुग्राम झालं, आणि त्याच वर्षी जुलैअखेरच्या पावसात हीरो होंडा चौकाजवळ पाणी तुंबून लोक रात्रभर गाड्यांमध्ये अडकले. लोकांनी त्याला ‘गुरुजाम’ म्हटलं. नव्या नावाला रुळायला वर्षं लागली, या नावाला एक रात्र पुरली.

हिवाळ्याची तऱ्हा आणखी वेगळी. हवा बिघडली की ‘ग्रॅप’चे, म्हणजे प्रदूषणावरच्या निर्बंधांचे, टप्पे लागू होतात. तिसरा टप्पा लागला की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेलच्या चारचाक्या रस्त्यावर आणायच्या नाहीत, लहान मुलांच्या शाळा ऑनलाइन, बांधकामं बंद. म्हणजे उद्या शाळा आहे का, हे शाळेच्या कॅलेंडरवर नाही तर वाऱ्याच्या दिशेवर ठरतं. त्यात नवऱ्याच्या अमेरिकेबरोबरच्या बैठका. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. आपली प्रमाणवेळ जिथल्या तिथं. त्यामुळे उन्हाळ्यात रात्री साडेआठला असणारी बैठक दिवाळीच्या आगेमागे साडेनऊला जाते, आणि तिच्याबरोबर आमचं रात्रीचं जेवणही सरकतं. न्यूयॉर्कमध्ये कुणी घड्याळाचा काटा फिरवला म्हणून सेक्टर ५६ मध्ये आमटी पुन्हा गरम करावी लागते. तेव्हा कॅलेंडर हवं, यावर एकमत झालं. कोणतं, यावर होईना.

या विषयाची एक बरी गोष्ट अशी की कॅलेंडरांनी एकमेकांशी बोलावं म्हणून मोठ्या माणसांनी फार पूर्वीच मेहनत करून ठेवली आहे. १९९८ मध्ये ‘आयकॅलेंडर’ नावाचं प्रमाण ठरलं. ‘आरएफसी २४४५’ हा त्याचा दस्तऐवज. २००९ मध्ये ते सुधारून ‘आरएफसी ५५४५’ झालं. मधल्या काळात, २००७ मध्ये, एकाच सर्व्हरवरचं कॅलेंडर अनेक यंत्रांनी वाचावं आणि त्यात लिहावं यासाठी ‘कॅलडॅव्ह’ आलं. कुठल्याही कॅलेंडरातून निघणारी ती ‘.आयसीएस’ फाइल साध्या मजकुराच्या संपादकात उघडून बघितली तर आत काहीच गूढ नाही: इथून सुरू, इथं संपलं, मधे तारीख, वेळ, ठिकाण. प्रसंगाला त्यात ‘व्हीइव्हेंट’ म्हणतात आणि करायच्या कामाला ‘व्हीटूडू’. दोन्ही एकाच प्रमाणातली सख्खी भावंडं.

पण मोठी झाल्यावर ही भावंडं वेगळी निघाली. प्रसंग सगळीकडे सुखानं फिरतात. कामांचं तसं नाही. गूगल कॅलेंडरच्या कॅलडॅव्हच्या दारातून प्रसंगच आतबाहेर करतात. गूगल टास्क्सचं दार निराळं. अ‍ॅपलच्या रिमाइंडर्सनी २०१९ मध्ये नवं रूप घेतलं आणि त्या कॅलडॅव्हच्या बाहेर गेल्या. विंडोजवरच्या नेहमीच्या आउटलुकला कॅलडॅव्ह मुळात येतच नाही, त्याला मधे दुभाष्या लागतो. एकूण रिवाज असा, की पंगतीचं आमंत्रण सगळ्या गावाला, पण भांडी घासायची यादी ज्याच्या त्याच्या घरात.

काही मंडळींनी ही यादी सामायिक करायचं उत्तम काम केलं होतं. बर्लिनच्या ‘वंडरलिस्ट’चं नाव त्यात मानानं घेतलं जाई. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती विकत घेतली आणि मे २०२० मध्ये ती बंद होऊन तिची जागा ‘टू डू’नं घेतली. ‘सनराइज’ हे देखणं कॅलेंडरही त्यांनी २०१५ मध्येच घेतलं होतं. ते पुढच्याच वर्षी मावळलं. नावातच सूर्योदय असलेल्या वस्तूचं असं व्हावं, याचं सासूबाईंना फार वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, ‘चांगलं चाललेलं कशाला घ्यायचं मग विकत?’ उद्योगजगतात याला लांबलचक उत्तरं आहेत, पण एवढा आटोपशीर प्रश्न मी तरी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

मुलीचं मत पडलं की कुणावरच विसंबू नये. जुन्या संगणकावर ‘नेक्स्टक्लाउड’ घालावं, घरचाच सर्व्हर करावा. माहिती आपली, नियम आपले. विचार स्वाभिमानी होता. मात्र वीज गेली की सोसायटीचा जनरेटर सुरू होईपर्यंत हा स्वाभिमान अंधारात बसणार, आणि हवा बिघडली की जनरेटरवरही ग्रॅपचं बंधन. प्रदूषणामुळे घरचं कॅलेंडर बंद पडलं, असं सांगणारं कुटुंब बहुधा आमचंच ठरलं असतं.

शेवटी बाहेरचाच एक कॅलडॅव्हवाला सर्व्हर घ्यायचं ठरलं, आणि मग खरी मौज सुरू झाली. कारण कुठलंही सामायिक कॅलेंडर पहिला प्रश्न विचारतं तो तारखेबद्दलचा नसतोच. ते विचारतं, कुणाला काय दिसावं? गूगलनं या प्रश्नाच्या चार पायऱ्या केल्या आहेत: नुसतं मोकळा की व्यग्र एवढंच दिसेल, सगळे तपशील दिसतील, बदल करता येतील, बदल करून इतरांनाही हक्क देता येतील. इतरत्रही थोड्याफार फरकानं हेच असतं. लग्नाच्या याद्यांमध्ये पूर्वी मानपानाची जी बारीक चर्चा होई, ती आता इथं होते. नवऱ्याच्या ऑफिसचं कॅलेंडर आम्हाला फक्त ‘व्यग्र’ एवढंच दिसतं. ते तसं वर्षानुवर्षं दिसतच होतं, आता ते अधिकृत झालं. मुलीनं आपल्या कॅलेंडरावर मला ‘तपशील’ दिले, पण ‘बदल’ दिले नाहीत. नववीत असताना माझ्या आईनं माझ्या दिवसात किती बदल केले होते ते आठवून मी गप्प बसले.

सासूबाईंना आम्ही घरच्या कॅलेंडराचे सगळे तपशील दिले. साताऱ्यात बसून त्यांना आमचा आठवडा दिसू लागला. त्या वाचण्याच्या कामी इतक्या चोख निघाल्या, की कॅलेंडराची आठवण वाजायच्या आधी त्यांचा फोन येतो. ‘आज तुझं दाताचं आहे ना गं? निघालीस का?’ यंत्राची आठवण बोटानं बाजूला सारता येते, तशी ही येत नाही.

आयकॅलेंडरच्या प्रमाणात निमंत्रणाला द्यायची उत्तरंही ठरवून दिली आहेत. स्वीकारलं, नाकारलं, कदाचित आणि चौथं, दुसऱ्याकडे सोपवलं. हे चौथं ज्यांनी लिहून ठेवलं त्यांना घरसंसाराचा दांडगा अनुभव असणार. कामांसाठी तर त्यांनी ‘किती टक्के पूर्ण’ असा रकानाही ठेवला आहे, शून्यापासून शंभरापर्यंत. आमच्या पाहुण्यांच्या न्हाणीघरातला गीझर किती तरी दिवस साठ टक्के दुरुस्त होता. म्हणजे दिवा लागत होता, पाणी गार होतं.

आणि मग जुलै आला.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या दीदी उत्तर प्रदेशातल्या. ११ जुलै २०२५ ला त्या म्हणाल्या, ‘भाभी, आजपासून सावन.’ त्यांचे सोमवार सुरू झाले, कांदा-लसूण मागे पडलं, रस्त्यानं कावडिये दिसू लागले. शेजारच्या सरदारणीबाईंच्या नानकशाही कॅलेंडरात सावण लागला १६ जुलैला. केरफरशीला येणारी दीदी कूचबिहारची. बंगालचे महिने सूर्यावर चालतात, तिचा ‘स्राबोन’ त्याच सुमाराला, कर्क संक्रांतीच्या पाठोपाठ आला. २३ जुलैला भारत सरकारचा श्रावण लागला. आणि सासूबाई दिव्याची अमावास्या करून शांतपणे थांबल्या होत्या. त्यांचा श्रावण २५ जुलैला उजाडला. एका स्वयंपाकघराच्या पंचक्रोशीत पंधरा दिवसांत पाच श्रावण लागले, आणि आमच्या नव्या सामायिक कॅलेंडरात त्यांपैकी एकही नव्हता.

सरकारच्या श्रावणाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण त्याची बाजू घेणारं कुणी नसतं. १९५२ मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली कालगणना सुधारण्यासाठी समिती नेमली गेली. देशात तीसेक वेगवेगळ्या कालगणना चालू होत्या. त्या सगळ्यांसाठी एक शास्त्रशुद्ध सामायिक कॅलेंडर करावं, असा उदात्त हेतू. २२ मार्च १९५७ ला, म्हणजे १ चैत्र शके १८७९ ला, ते लागूही झालं. ऋतूंशी पक्कं बांधलेलं, नेटकं, कुणाच्याही बाजूनं न झुकणारं. राजपत्रावर त्याची तारीख छापली जाते, आकाशवाणीवर ती सांगितली जाते. आणि तिसाची एकतीस झाली. सामायिक कॅलेंडर करायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबानं हा इतिहास आधी वाचावा.

आमच्या आणि उत्तरेच्या श्रावणातला फरक मात्र समजायला सोपा आहे. आपला महिना अमावास्येला संपतो, यांचा पौर्णिमेला. शुक्ल पक्षाला दोघांकडे एकच नाव. वद्य पक्षाला ते पुढच्या महिन्याचं नाव देतात, आपण चालू महिन्याचं. म्हणून त्यांचा प्रत्येक महिना आपल्यापेक्षा पंधरवडाभर आधी लागतो. अधिक महिना आला की याचीही गंमत होते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. उत्तरेच्या पद्धतीत अधिक महिना निज महिन्याच्या दोन पक्षांच्या मधोमध बसतो, त्यामुळे दीदींचा सावन ४ जुलैला सुरू झाला तो ३१ ऑगस्टला संपला. आठ सोमवार त्यांनी केले. आमचा निज श्रावण १७ ऑगस्टला लागला, तो १५ सप्टेंबरपर्यंत चालला. त्या वर्षी आमच्या घरात कांदा कधी चिरायचा, हा प्रश्न अडीच महिने न्यायप्रविष्ट होता.

हे सगळं संगणकाला सांगावं म्हणून मुलगी कामाला लागली. आयकॅलेंडरमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रसंगांसाठी नियम लिहिता येतो. ‘दर महिन्याचा दुसरा मंगळवार’, ‘दर तिसऱ्या महिन्याचा शेवटचा शुक्रवार’, असलं वाट्टेल ते त्याला समजतं. ‘दर महिन्याची वद्य चतुर्थी’ मात्र समजत नाही. २०१५ मध्ये एक जोडप्रमाण आलं, ‘आरएफसी ७५२९’. त्यानं चिनी, हिब्रू, इथिओपियन अशा पंचांगांप्रमाणेही नियम लिहायची सोय केली. मुलीनं आशेनं यादी बघितली. तिच्यात भारताचं एकच कॅलेंडर आहे: साहा समितीचं. ज्याला देशात कुणी विचारत नाही, त्याची विचारपूस तिथं झाली होती.

यात संगणकाचा तरी काय दोष? तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यातलं अंतर बारा अंशांनी वाढायला लागणारा काळ. चंद्र काही सारख्या चालीनं चालत नाही, म्हणून तिथी कधी एकोणीस तासांची तर कधी सव्वीस तासांची. दिवसाला नाव मिळतं ते सूर्योदयाच्या वेळी असलेल्या तिथीचं. मग एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मधेच संपून क्षय पावते, एखादी दोन सूर्योदय बघून वृद्धी पावते. आणि सूर्योदय साताऱ्याचा वेगळा, गुरुग्रामचा वेगळा. ज्याला वर्षाचे ३६५ चौकोन आधीच आखून हवे असतात, त्याच्या हातात हे प्रकरण द्यायचं म्हणजे अन्यायच.

पण मग एक गोष्ट लक्षात आली. गेल्या १० ऑक्टोबरला सोसायटीच्या गच्चीवर करवा चौथ होती. मेंदी, लाल साड्या, हातात चाळण्या, सगळ्यांचे डोळे पूर्वेकडे. त्या गर्दीत सासूबाईही पूर्वेकडे बघत उभ्या होत्या. त्यांची संकष्टी होती. करवा चौथ म्हणजे उत्तरेच्या कार्तिकातली वद्य चतुर्थी, तीच आपल्या आश्विनातली वद्य चतुर्थी. चंद्र एकच, तो दोघींनाही एकाच क्षणी दिसला; एकीनं चाळणीतून बघितला, दुसरीनं बघून अर्घ्य दिलं. महाशिवरात्र आपल्या माघात, त्यांच्या फाल्गुनात, पण रात्र तीच. गोकुळाष्टमी आपल्या श्रावणात, त्यांच्या भाद्रपदात, पण कृष्ण एकदाच जन्मतो.

आयकॅलेंडरमध्ये प्रत्येक नोंदीला एक ‘यूआयडी’ असतो, कुणाला न दिसणारी एक लांबलचक खूण. तुमच्या यंत्रात त्या नोंदीचा रंग हिरवा असो, माझ्या यंत्रात जांभळा. खूण एकच असली की प्रसंग एकच. सगळी सामायिक कॅलेंडरं त्या एका गोष्टीवर उभी आहेत. पक्ष आणि तिथी ही आपली खूण ठरलेली होती. महिन्याचं नाव हा ज्याच्या त्याच्या घरचा रंग. एवढ्या मोठ्या देशानं शतकानुशतकं एकमेकांची कॅलेंडरं जुळवली ती महिने एक करून नव्हे, तर नावाचा आग्रह सोडून. सगळ्यांना एकाच नावाखाली आणायचा प्रयत्न झाला तेव्हा काय झालं, ते १९५७ ला दिसलंच.

हे कळल्यावर आमचं काम सोपं झालं. सगळ्यांचं मिळून एक कॅलेंडर, हा बेतच आम्ही सोडला. आता एकाच सर्व्हरवर निरनिराळी कॅलेंडरं आहेत आणि ती एकावर एक पसरून बघता येतात. घराचं, शाळेचं, दोन्ही दीदींच्या उपास-सुट्ट्यांचं, नवऱ्याचं ‘व्यग्र’, आणि सासूबाईंचं पंचांग, ज्यात बदल करायचा हक्क फक्त त्यांना. त्यात नियम नाही. गुढीपाडव्याला त्या वर्षभराच्या संकष्ट्या आणि एकादश्या एकेक करून हातानं घालतात. चंद्रोदय मात्र गुरुग्रामचा लागतो, कारण शरदातल्या संकष्टीला इथं चंद्र मुंबईपेक्षा अर्धा-पाऊण तास आधी उगवतो, आणि उपाशी माणसाला एवढा फरक पुरतो.

कामांच्या बाबतीत मात्र नेमका उलटा धडा मिळाला. सण पाच नावांनी पाच जणांचा असला तरी बिघडत नाही. काम पाच जणांचं असलं की ते कुणाचंच नसतं. त्या गीझरच्या नोंदीपुढं ‘सगळे’ असं लिहिलेलं होतं. तो शब्द काढून मुलीचं नाव घातलं, आणि तिनं प्लंबरला दोन मिनिटांत फोन लावला. प्रसंग आणि कामं यांना कंपन्यांनी वेगवेगळी दारं का ठेवली, याची त्यांची कारणं व्यापारी असतील. पण कामाच्या दारातून एका वेळी एकालाच जाऊ द्यावं, हे मला आता पटतं.

पुढच्या गणेश चतुर्थीची नोंद झालेली आहे: १४ सप्टेंबर २०२६, सोमवार. इथल्या शाळेला त्या दिवशी सुट्टी नाही, म्हणून मुलीनं ‘कदाचित’ दाबलंय. नवऱ्यानं ‘स्वीकारलं’. खाली एक काम आहे, उकडीच्या मोदकांसाठी तांदळाची पिठी. त्यापुढं नाव कुणाचं घालायचं यावर चर्चा चालली होती, तेवढ्यात साताऱ्याहून फोन आला. त्यांना तपशील दिसतात.

‘पिठी मी घेऊन येते,’ सासूबाई म्हणाल्या. ‘माझं नाव घाला. पण आत्ताच शंभर टक्के करून ठेवू नका. तुमचा गीझर मला माहितीय.’